जागा त्यांची, माणसं आपली

समाजमाध्यमावरचा आमचा गट एका सकाळी दिसेनासा झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची घरी काळजी घेणाऱ्यांचा तो गट होता. आईच्या आजारपणात मी त्यात आले आणि पुढे तो सांभाळणाऱ्यांपैकी एक झाले. रात्री दोनला कुणी लिहायचं, ‘बाबा मला ओळखत नाहीत, घरी सोड म्हणतायत, काय करू?’ आणि दुसऱ्या कुठल्यातरी घरात तसंच कुणीतरी जागं असायचं, ते पाच मिनिटांत उत्तर द्यायचं. आठ वर्षं हे चाललं. अंघोळीला नकार दिला तर काय करावं, दाराची कडी किती उंचावर बसवावी, कुठल्या गोळीनं कुणाला जास्त गुंगी आली, अशी हजारो उत्तरं तिथे साठली होती. औषधांची नावं सतत येत असल्यामुळे कंपनीच्या यंत्राला तो औषधविक्रीचा अड्डा वाटला असावा. नक्की कारण कुणी सांगितलं नाही. दाद मागायला एक अर्ज होता. तो भरल्यावर मिनिटभरात उत्तर आलं: निर्णय कायम.

साठलेलं सगळं गेलं याचं दुःख होतंच. त्याहून जास्त लागलं ते पुढच्या दोन-तीन दिवसांत लक्षात आलेलं. ज्या माणसांशी आठ वर्षं रोज बोलले, त्यांतल्या बहुतेकांचा माझ्याकडे फोन नव्हता, ईमेल नव्हता, कित्येकांचं खरं आडनावसुद्धा ठाऊक नव्हतं. ओळख आमची होती, ओळखीची वही मात्र कंपनीच्या कपाटात होती आणि कपाटाला कुलूप लागलं होतं.

समाजमाध्यमांच्या कंपन्यांवर टीका भरपूर होते. खासगीपणा, व्यसन, खोट्या बातम्या, भांडणं लावणारं फीड. ती टीका खरी आहे. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात फेसबुकच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती परस्पर गेल्याचं २०१८ मध्ये कंपनीनंच मान्य केलं, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं तिला ५ अब्ज डॉलरचा दंड केला. लोक चिडले, लेख लिहिले गेले, आणि बहुतेक सगळे तिथेच राहिले. का राहिले, हा माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न आहे. त्यांना सगळं आवडत होतं म्हणून ते राहिले नाहीत. उठून गेलं तर माणसं सुटतात, म्हणून राहिले. एखाद्या कंपनीला हे पक्कं ठाऊक असलं की पुढचं सगळं आपोआप घडतं. जाहिराती वाढवल्या तरी लोक जात नाहीत, फीडमध्ये ओळखीच्यांच्या जागी अनोळखी गोंगाट भरला तरी जात नाहीत, नियम रातोरात बदलले तरी जात नाहीत. २०२३ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, जे सुमारे १३५ अब्ज डॉलर मिळाले त्यातले ९७ टक्क्यांहून जास्त जाहिरातींतून आले. तिथे आपण ग्राहक नाही, हे वाक्य आता घासून गुळगुळीत झालंय. पण त्या पैशाच्या मुळाशी आपली एकमेकांशी असलेली नाती आहेत, हे मात्र आपण अजून पुरतं मनावर घेतलेलं नाही.

दार किती पक्कं बंद असतं ते कुणी बाहेर पडायला लागलं की दिसतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर घेतलं. पुष्कळ लोक मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच पण एका मालकाच्या ताब्यात नसलेल्या माध्यमाकडे निघाले आणि जाताना आपला नवा पत्ता लिहून ठेवू लागले. डिसेंबरात ट्विटरनं नियम काढला की मॅस्टोडॉन, फेसबुक, इन्स्टाग्राम अशा ठिकाणच्या आपल्या खात्याची जाहिरात इथे करायची नाही. ओरड झाली आणि एका दिवसात तो नियम मागे घेतला गेला. पण मालकाच्या मनात काय होतं ते त्या एका दिवसात दिसलं. जाणाऱ्याला दारावर नव्या पत्त्याची चिठ्ठीही लावू द्यायची नाही. पुढच्याच महिन्यात बाहेरच्या लोकांनी बनवलेली, अनेकांच्या रोजच्या वापरातली ट्विटरची ॲप काही न सांगता बंद पाडली गेली. २०२३ च्या जूनमध्ये रेडिट या विषयवार चर्चांच्या संकेतस्थळानं तेच वेगळ्या रीतीनं केलं. बाहेरच्या ॲपना इतका दर लावला की अपोलोसारखं लोकप्रिय ॲप महिनाअखेरीस बंद झालं. हजारो समूहांनी निषेध म्हणून आपापली दारं काही दिवस लावून घेतली. ते समूह बिनपगारी मॉडरेटरनी, म्हणजे मजकुरावर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकांनी, वर्षानुवर्षं राखले होते. कंपनीनं निर्णय बदलला नाही. उलट, समूह उघडा नाहीतर तुमच्या जागी दुसरे नेमू, असं त्याच मॉडरेटरना सांगण्यात आलं. राबणाऱ्याचा त्या जागेवर काडीचा हक्क नसतो, हे इतकं उघडपणे क्वचितच सांगितलं गेलं असेल.

मालक दुष्ट नसला तरी फरक पडत नाही. तो कंटाळला तरी पुरे. लोकांची घरगुती संकेतस्थळं जिथे होती ते जिओसिटीज याहूनं २००९ मध्ये बंद केलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. मायस्पेसनं २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर बदलताना त्यांच्याकडची २०१५ पूर्वीची गाणी, फोटो, व्हिडिओ नाहीसे झाले. त्यात सुमारे ५ कोटी गाणी गेल्याचा अंदाज होता. त्यांतल्या कित्येक कलाकारांकडे दुसरी प्रत नव्हती. कंपनी आहे म्हणजे आपलं सांभाळलं जाईल, असं त्यांनी धरलं होतं. आम्हीही तेच धरलं होतं.

म्हणूनच ‘ते वाईट आहे, आता हे नवं चांगलं आलंय’ अशा स्थलांतरावर माझा विश्वास नाही. जुलै २०२३ मध्ये मेटाचं थ्रेड्स आलं आणि पाच दिवसांत तिथे १० कोटी लोक गेले. ट्विटरला वैतागून मेटाकडे जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. भारतात ‘आपलं’ म्हणून ट्विटरसारखं कू आलं, तेही जुलै २०२४ मध्ये बंद झालं. मालक परदेशी की देशी, सज्जन की दुर्जन, यानं थोडाफार फरक पडत असेल, पण चावी एकाच्याच हातात असेल तर आपण दुसऱ्याच्याच ओंजळीनं पाणी पितो. ओंजळ बदलून तहानेचा प्रश्न सुटत नाही.

हे असंच असलं पाहिजे असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही. टपालाचंच घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशी पत्र पाठवणं हा उपद्व्याप होता. देशादेशांत वेगवेगळे करार, वेगवेगळे दर, वाटेतल्या देशांची आकारणी निराळी. १८७४ मध्ये बर्न इथे करार झाला, त्यातून पुढे जागतिक टपाल संघ उभा राहिला, आणि एक साधी गोष्ट ठरली: तुमच्या देशाचं तिकीट लावलेलं पत्र आम्ही आमच्या देशात पोचवू, तुम्ही आमचं पोचवा. त्यासाठी साऱ्या जगाचं टपाल एका कंपनीच्या ताब्यात द्यावं लागलं नाही. ईमेलही तसंच चालतं. १९८२ मध्ये पक्का झालेला एक नियमसंच आहे आणि तो पाळणारा कुठलाही सर्व्हर दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरला पत्र देऊ शकतो. तुमचं खातं एका कंपनीचं आणि माझं दुसरीचं आहे म्हणून आपलं बोलणं अडत नाही. समाजमाध्यमांत मात्र ते अडतं आणि आपण ते निसर्गनियमासारखं स्वीकारलंय.

फेडिव्हर्स म्हणतात ते याच पत्रव्यवहाराचं समाजमाध्यमातलं रूप. ॲक्टिव्हिटीपब नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे असाच एक नियमसंच, आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं जानेवारी २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याच्याही आधी, २०१६ मध्ये, जर्मनीतल्या ऑयगन रॉख्को या तरुणानं मॅस्टोडॉन बाहेर आणलं होतं. मॅस्टोडॉन ही एक जागा नाही. हजारो छोटे-मोठे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालवणारा वेगळा, नियम वेगळे, आणि तरीही एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याला फॉलो करू शकतो, उत्तर देऊ शकतो. व्हिडिओंसाठी पीअरट्यूब, फोटोंसाठी पिक्सेलफेड, विषयवार चर्चांसाठी लेमी. सगळे याच प्रोटोकॉलवर बोलतात. मॅस्टोडॉनवर टाइमलाइन काळाच्या क्रमानं येते, जाहिराती नसतात. सर्व्हर आवडेनासा झाला तर दुसरीकडे खातं उघडून फॉलोअर तिकडे नेता येतात. तुमच्यामागे येणाऱ्यांना काहीही करावं लागत नाही. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्यासारखंच हे. ही सोय पहिल्यांदा वापरली तेव्हा मी खरंच काही वेळ पडद्याकडे बघत बसले. आठ वर्षांनी जे आमच्याकडून एका रात्रीत गेलं, ते इथे दोन बटणांत सोबत येत होतं.

आता विरोधातलं सर्वांत वजनदार म्हणणं: मालक नसेल तर गुंड आवरणार कोण? प्रश्न खरा आहे, आणि त्याचं एक उत्तर घडून गेलेलं आहे. वंशद्वेष्ट्या मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेलं गॅब हे संकेतस्थळ २०१९ मध्ये मॅस्टोडॉनच्या मुक्त सॉफ्टवेअरवर आलं. त्यांना ते वापरण्यापासून कुणी अडवू शकत नव्हतं. पण बाकीच्या असंख्य सर्व्हरांनी एकेक करून त्यांच्याशी देवाणघेवाण बंद केली. गॅब चालू राहिलं, पण आपल्याच चार भिंतींत. कुठल्याही मुख्यालयातून आदेश आला नव्हता. शेजाऱ्यांनी दार उघडलं नाही, इतकंच. लहान सर्व्हरवर मॉडरेटर सदस्यांना ओळखतो, विषय ओळखतो. आमच्या गटात औषधाचं नाव आलं तर ते का आलं हे त्याला कळतं. कोट्यवधी लोकांवर एकच नियमावली लादणाऱ्या यंत्राला ते कधीच कळणार नव्हतं.

तरीही सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही, कारण तसं म्हणून लोकांना तिकडे नेलं की ते महिन्याभरात परत जातात. २०२२ च्या अखेरीस मॅस्टोडॉनचा महिन्याला वापर करणारे सुमारे २५ लाखांवर गेले होते, पण पुढच्या काही आठवड्यांतच आकडा झरझर उतरला. ‘कुठला सर्व्हर निवडू?’ या पहिल्याच प्रश्नाशी कित्येक अडखळले. ज्यांना आत जाऊन ओळखीचं कुणी दिसलं नाही ते गप्प बसून कंटाळले. खासगी म्हणून पाठवलेला निरोप तिथे टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतो. सर्व्हर चालवणाऱ्यानं ठरवलं तर तो वाचू शकतो. आजाऱ्याची माहिती बोलणाऱ्या गटानं हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. आम्ही ते आमच्या नव्या सर्व्हरवर ठळक अक्षरांत वर लावलंय आणि नाजूक बोलणं दुसरीकडे करायला सांगतो. मुलांच्या शोषणाची चित्रं शोधून काढण्याची साधनं मोठ्या कंपन्यांकडे आहेत, छोट्या सर्व्हरांकडे बऱ्याचदा नाहीत. ही उणीव क्षम्य नाही, ती साधनं सर्वांना मिळतील अशी बांधलीच पाहिजेत.

सर्वांत कठीण गोष्ट मात्र माणसांची आहे. मॅस्टोडॉन डॉट लॉल नावाचा हजारो सदस्यांचा सर्व्हर होता. तो चालवणाऱ्या माणसाला इतका द्वेष आणि शिवीगाळ सोसावी लागली की २०२३ च्या फेब्रुवारीत त्यानं तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यानं एक भलं केलं: सदस्यांना आपलं बिऱ्हाड हलवायला तीन महिने दिले. क्वीअर डॉट एएफ या सर्व्हरला तेवढीही सवड मिळाली नाही. डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या मंत्रालयानं ते गोठवलं आणि सर्व्हर नाहीसा झाला. जुन्या सर्व्हरशी संपर्कच तुटला की फॉलोअर हलवता येत नाहीत, आणि जुन्या पोस्टी तर तशाही सोबत येत नाहीत. म्हणजे विकेंद्रित आहे म्हणून सुरक्षित आहे, असं नाही. एका मोठ्या मालकाच्या लहरीऐवजी एका दमलेल्या स्वयंसेवकाच्या ताकदीवर आपण विसंबतो, आणि ती ताकद टिकवणं ही आपली जबाबदारी होते. कंपनीच्या जागेत आपल्यावर कसलीच जबाबदारी नव्हती. त्याची इतकी सवय झालीय की सर्व्हरच्या खर्चासाठी वर्षाला थोडे पैसे मागितले तर आपण दचकतो. फुकट ते पौष्टिक ही समजूत समाजमाध्यमांनी आपल्यात भलतीच रुजवली. ज्यांच्या आधारावर आपण रात्री काढतो त्या जागेसाठी पदरमोड करायला माणसं तयार नसतील, तर ती जागा आपली होऊ शकत नाही, हे मी कुणालाही स्पष्ट सांगते.

ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच नव्या माध्यमाबद्दल विचारणारे बरेच भेटतात. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, देशात बंद करायचा आदेश दिला आणि काही दिवसांत वीस लाखांहून जास्त लोक ब्लूस्कायवर आले. तिथली मांडणी सोपी आहे, आणि ओळख सर्व्हरपासून वेगळी ठेवायची त्यांची कल्पना फेडिव्हर्सपेक्षा सरस आहे असं मला वाटतं. सर्व्हर बुडाला तरी आपण बुडू नये, या दिशेनं ती जाते. पण आज बहुतेक खाती त्या एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहेत आणि कंपनीत गुंतवणूकदारांचा पैसा आहे. दार आहे, फक्त ते उघडून बाहेर गेलेले थोडे आहेत. उघडं दार वापरात नसेल तर एक दिवस ते भिंतीत घेतलं जातं, हे आधी झालंय. गूगल टॉक ही गप्पांची सेवा २००५ मध्ये जॅबर या खुल्या प्रोटोकॉलवर सुरू झाली आणि पुढच्या वर्षी इतर सर्व्हरांशी जोडली गेली. कौतुक झालं. लोक गूगलकडे गोळा होत गेले, लहान सर्व्हर ओस पडले, आणि २०१३ मध्ये गूगलनं हँगआउट्स ही तिच्या जागीची नवी सेवा आणताना तो धागा सोडून दिला. थ्रेड्सनं डिसेंबर २०२३ पासून फेडिव्हर्सशी जोडून घ्यायला सुरुवात केली तेव्हा अनेक सर्व्हरांनी आधीच त्यांना बंदी घातली, त्यामागे हीच आठवण होती. मी त्या बंदीच्या बाजूची नाही. बाहेरच्या माणसाशी बोलता येणं हाच तर या साऱ्याचा हेतू आहे. पण भीती निराधार नाही.

कायद्यानं इथे बरंच करता येईल. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे, आणि त्यांच्या डिजिटल मार्केट्स कायद्यानं बड्या मेसेजिंग सेवांना इतरांशी जोडून घेणं बंधनकारक केलं. समाजमाध्यमांना मात्र ते बंधन लावलेलं नाही. ते लावलंच पाहिजे. स्वतःच्या फोटोंची झिप फाइल हातात देणं म्हणजे हक्क दिला असं होत नाही. माझे फोटो माझ्याकडे आहेतच, मला माझी माणसं हवीत. सार्वजनिक संस्थांनीही कंपनीच्या अंगणात उभं राहून लोकांशी बोलणं थांबवायला हवं. नेदरलँड्सचं सरकार आणि युरोपियन कमिशन यांनी स्वतःचे मॅस्टोडॉन सर्व्हर चालवले आहेत. नागरिकाला सरकारची सूचना वाचण्यासाठी एखाद्या जाहिरात कंपनीत नाव नोंदवावं लागू नये, एवढी तर किमान अपेक्षा आहे.

पण कायद्याची वाट बघत बसायचं कारण नाही. एकेकट्यानं जाऊ नका, एवढंच मी अनुभवातून सांगेन. एकटा माणूस जातो, रिकाम्या खोलीत बोलतो आणि परततो. गट जातो तेव्हा बोलणंही सोबत जातं. जुनी जागा चालू असतानाच नवी उघडा, एकमेकांचे ईमेल आजच लिहून घ्या, आणि दर महिन्याला प्रत काढा.

आम्हाला हे सगळं उशिरा कळलं. आमचे निम्मेही लोक परत सापडले नाहीत. एक बाई होत्या, त्यांच्या यजमानांचं फिरणं वाढलं होतं, रोज रात्री त्या लिहायच्या. त्यांचं टोपणनाव तेवढं मला ठाऊक आहे. नव्या सर्व्हरवर मी त्या टोपणनावाचं खातं कुणाला घेऊ दिलेलं नाही. आमचा सर्व्हर आता तिघं चालवतात. गेल्या महिन्यात तिसऱ्यानं आमची मदत न घेता बॅकअपमधून सगळं नव्या यंत्रावर उभं करून दाखवलं, म्हणजे उद्या मी नसले तरी चालेल. त्या रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी कुणीतरी लिहिलं, ‘आई जेवत नाहीये.’ खाली चार उत्तरं होती.